थान बाईंचे उतारे

थान बाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या त्या काही केस कापायला नाही. दाराजवळच्या बाकावर बसल्या, छत्री भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाल्या, "लेई भाऊ, गिऱ्हाईक खुर्चीत झोपलं तर तुम्ही काय करता?"

मला वाटलं, यांच्या यजमानांनी काही तक्रार केली असणार. यजमान म्हणजे गुरांचे डॉक्टर खुआंग. मानेला फडकं बांधलं रे बांधलं की ते घोरायला लागायचे. मी म्हटलं, "झोपू देतो की, बाई. एका हातानं डोकं धरतो, दुसऱ्यानं वस्तरा चालवतो."

"आणि बोलता?"

"झोपलेल्या माणसाशी?"

"हो."

"बोलतो थोडं. सवयच आहे ती."

बाईंनी मान डोलावली, आणखी इकडचं तिकडचं विचारलं, छत्री उचलली आणि गेल्या. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना माझ्या वस्तऱ्याशी काय कर्तव्य, हे मला त्या दिवशी काही उमगलं नाही.

बाई मूळच्या नदीवरच्या. त्यांचे वडील त्सी नदीवर मालाची होडी चालवायचे. मुलगी हुशार निघाली म्हणून शहरात शिक्षक होण्यासाठी पाठवली आणि तिथं त्या रशियन शिकल्या, कारण तेव्हा तीच भाषा चलतीत होती. शीथांगच्या आमच्या शाळेत त्यांनी कितीतरी वर्षं रशियनच शिकवलं. मग एके वर्षी वरून हुकूम आला की आता इंग्रजी. शाळेत इंग्रजी येणारं कुणीच नव्हतं. हेडसर म्हणाले, "परदेशी भाषा ती परदेशी भाषा. थान बाई, तुम्हीच घ्या." बाईंनी घेतली. पहाटे रेडिओवर इंग्रजीचे पाठ लागायचे. आमच्या डोंगरात रेडिओ नुसता खरखरतो, म्हणून खुआंग डॉक्टर खिडकीशी स्टुलावर उभे राहून तार हातात धरायचे आणि बाई खाली बसून म्हणायच्या, "जरा डावीकडे. थांबा, हलू नका, आत्ता क्रियापद येतंय." अशा रीतीनं त्या मुलांच्या एक धडा पुढे राहिल्या. त्यांच्या इंग्रजीतला 'र' मात्र रशियनच राहिला, जिभेवर घोळवून घोळवून. आमच्या गावची एक अख्खी पिढी तसाच 'र' म्हणते. माझी यानलिंग पुढे शहरात शिकायला गेली तेव्हा तिथल्या सरांनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तू सीमेपलीकडची का गं?"

शब्द पाठ करायची पोरांची स्वतःची एक रीत होती. इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर आपल्या अक्षरांत उच्चार लिहून ठेवायचा. 'थँक यू'वर लिहायचं 'सान के यू', म्हणजे आमच्या भाषेत तीन ग्रॅम तेल. आणि 'बस'वर जे लिहायचे त्याचा अर्थ होतो, बाप मेला. आमच्या गल्लीतला एक गवंडी दुपारी घरी आला तर लेक अंगणात झुलत झुलत पाठ करतोय, "बाप मेला, बाप मेला, बाप मेला." गवंड्यानं दाराआडचा झाडू उचलला आणि पोराला तळ्यापर्यंत पळवलं. दुसऱ्या दिवशी तो तणतणत शाळेत गेला. बाईंनी त्याला नीट समजावून सांगितलं की ही गाडी आहे, लोकांना घेऊन जाणारी. तो म्हणाला, "बापाला घेऊन जाणारी ना? तेच म्हणतोय मी."

यानलिंग नववीत होती त्या वर्षाची, म्हणजे चौऱ्याण्णवची गोष्ट. नववीच्या शेवटी मोठी परीक्षा असते आणि तिच्यात इंग्रजीचे उतारे असतात. उतारा वाचायचा, खाली प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून सरावाचा गठ्ठा आला होता. त्यातला एक उतारा होता लंडनच्या ग्रीन साहेबांचा. साहेब रोज जमिनीखालच्या गाडीनं कामाला जातात. एक दिवस गाडी मध्येच अडकते. शेवटच्या प्रश्नाला मात्र पर्याय नव्हते: साहेबांना उशीर का झाला, ते आपल्या शब्दांत लिहा.

आता आमच्याकडे तेव्हा जमिनीवरची रेल्वेसुद्धा नव्हती. जमिनीखाली आमच्याकडे फक्त मेलेली माणसं जातात. निम्म्या वर्गानं लिहिलं, ग्रीन साहेब वारले आहेत, त्यामुळे ते कामावर पोहोचू शकले नाहीत. एकानं त्याहून खोल विचार केला होता. त्यानं लिहिलं, मेलेल्याला खर्चाला म्हणून आपण कागदी नोटा जाळतो, त्या साहेबांच्या बायकोनं पुरेशा जाळल्या नाहीत, म्हणून त्यांच्याकडे तिकिटाला पैसे नव्हते.

यानलिंग सांगत होती, आधी बाईंचे खांदे हलायला लागले, आणि मग त्या टेबलावर डोकं ठेवून इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर बघायला आले. पण हसून झाल्यावर बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "शब्द एकाचाही चुकलेला नाही. जमीन बरोबर, खाली बरोबर, गाडी बरोबर. चित्रच दुसरं उभं राहिलं. दोष तुमचा नाही रे."

त्या रविवारी बाईंनी घरी मेणकागद आणला. लोखंडी पाटीवर तो पसरायचा, पोलादी टोकाच्या लेखणीनं त्यावर कोरायचं, मग वर शाईचा रूळ फिरवून एकेक प्रत काढायची. कोरायच्या बाई, रूळ फिरवायचे डॉक्टर. सोमवारी डॉक्टर गाई तपासायला गेले ते कोपरापर्यंत काळे होऊन.

पहिला उतारा शाळेच्या शिपायावर होता. शाळेची घंटा वाजवणारे गोंग काका एक हंस पाळायचे. उताऱ्यात एवढंच होतं की गोंग काकांकडे एक हंस आहे, त्याला मुलं आवडतात, गाई आवडतात, हेडसर आवडत नाहीत. हेडसर सायकलवरून आले की तो मागे धावतो आणि त्यांच्या विजारीला चावतो. प्रश्न: हेडसर सायकल जोरात का चालवतात? चाळीस-पन्नास पोरांपैकी एकाचंही उत्तर चुकलं नाही. 'धावणे', 'चावणे', 'विजार' हे शब्द कुणाला पाठ करावे लागले नाहीत. ते आजही त्यांना येतात.

दुसरा उतारा माझा.

यानलिंग कागद घेऊन घरी आली ती दारातूनच हसत. मी म्हटलं, "वाच की." तिनं वाचून आमच्या भाषेत सांगितलं. "लेई नावाचे एक न्हावी आहेत. ते केस कापतात त्यापेक्षा जास्त बोलतात. गिऱ्हाईक झोपलं तरी ते गोष्ट पुरी करतात. गिऱ्हाईक दुकानात शिरतं तेव्हा त्याचे केस लांब असतात. बाहेर पडतं तोवर पुन्हा वाढलेले असतात."

माझी बायको भाजी चिरत होती, ती सुरी बाजूला ठेवून भिंतीला टेकून हसायला लागली. मी कागद घेतला आणि तडक बाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मी त्यांना सांगितलं की न्हाव्याचा धंदा काय असतो, गिऱ्हाईक गप्प बसलं तर कसं अवघडतं, माझे वडील तर माझ्याहून किती बोलायचे, आमच्या गुरूंनी काय शिकवलं होतं, आणि एवढं सगळं सांगून शेवटी विचारलं, "मी खरंच एवढा बोलतो का, बाई?"

बाईंनी मिरच्यांच्या सुपाकडे बोट केलं. मी आलो तेव्हा सूप भरलेलं होतं, आता रिकामं झालं होतं.

मी हसलो. दुसरं करणार काय? आठवड्याभरात लोक मुद्दाम माझ्या खुर्चीत झोपल्याचं सोंग घ्यायला येऊ लागले, मी गोष्ट पुरी करतो का ते बघायला.

मग गावाला वेडच लागलं. दर सोमवारी पोरं शाळेतून सुटली की घरोघरी पहिला प्रश्न, "आज कोण आलं?" ज्यांना आयुष्यात इंग्रजीचं अक्षर कळलं नाही ते पोरांना समोर बसवून उतारा वाचायला लावायचे. पोरांना तो आमच्या भाषेत सांगावा लागायचा आणि घरातले असे उलटे प्रश्न विचारायचे की पोरांना पुन्हा पुन्हा वाचावंच लागायचं. खाटकाची बायको बाईंकडे अंडी घेऊन गेली. म्हणाली, "आमच्या ह्यांना कधी घेणार?" बाईंनी अंडी परत दिली. "अहो वहिनी, उताऱ्यात यायचं तर माणसानं काहीतरी करायला हवं. तुमचे हे नुसते उभे असतात."

"मग काहीतरी करायला सांगते," ती म्हणाली.

असं सगळं मजेत चाललं होतं आणि त्सेंग काकांचा उतारा आला.

त्सेंग काकांचं पुलाजवळ तांदळाच्या शेवयांचं दुकान. गरम रस्सा, त्यात शेवया, वर मांसाच्या चकत्या आणि मिरचीचं तेल. बाईंनी या वेळी नाव घातलं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, पुलाजवळ एक माणूस शेवया विकतो. तो सूर्याच्या आधी येतो. त्याच्या वाट्या मोठ्या आहेत. त्याचं मांस इतकं पातळ आहे की त्यातून वर्तमानपत्र वाचता येतं. गिऱ्हाइकानं आणखी मिरची मागितली की तो आकाशाकडे बघतो. आणि प्रश्न, हा माणूस कसा आहे? ए, उदार. बी, विसराळू. सी, कंजूष. डी, आजारी.

सगळ्या वर्गानं 'सी' लिहिलं. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण पोरं दुकानावरून जाताना ओरडायला लागली, "सी! सी!" आमच्या कानाला ते 'पश्चिम' असं ऐकू येतं. काका बिचारे दोन दिवस पुलाच्या पश्चिमेला बघत राहिले, की तिकडे आहे तरी काय. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं त्यांना अर्थ सांगितला.

काका रश्श्याचा डाव हातात घेऊनच माझ्या दुकानात आले. "लेई, चल माझ्याबरोबर शाळेत. तुझ्यावरही लिहिलंय तिनं. आपण दोघं आहोत."

"मला राग नाहीये हो काका."

"तुला राग यायला वेळ कुठं असतो, बोलत असतोस. चल."

हेडसरांच्या खोलीत काकांनी टेबलावर डाव आपटला. हेडसरांनी उतारा मागवला, चष्मा लावला, ओळींवरून बोट फिरवलं. त्यांना इंग्रजी बेताचंच यायचं. म्हणाले, "यात कंजूष असं कुठं म्हटलेलं दिसत नाही. फक्त खालच्या पर्यायात आहे, आणि तिथं तर आजारीही आहे."

बाईंना बोलावलं. त्यांनी काही आढेवेढे घेतले नाहीत. "लिहिलेलं नाही, पण कळतं. न लिहिलेलं कसं ओळखायचं, तेच मी शिकवतेय. पण त्सेंग भाऊ, तुम्हाला लागलं असेल तर मी माफी मागते. ते मात्र मी ओळखायला हवं होतं."

हेडसर घाईघाईनं म्हणाले, "हे उतारे आता बंद करू या. जिल्ह्यावरून गठ्ठे येतात ना, तेवढे पुरेत."

तर काकाच भडकले. "बंद-बिंद काही नको! बंद केलं तर मी कायमचा कंजूष राहिलो. मला पोरांसमोर बसवा. कुणी कोणत्या ओळीवरून काय काढलं ते मला दाखवू दे."

"या," बाई म्हणाल्या. "उद्या चौथ्या तासाला."

मीही गेलो. आम्ही दोघं मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. बाई एकेक वाक्य इंग्रजीतून वाचायच्या आणि पाहुण्यांसाठी एखादं पोर ते आमच्या भाषेत सांगायचं. आकाशाकडे बघण्याचं वाक्य आलं तसे काका उठले. "मी पाऊस बघतो! माझी चूल बाहेर आहे. मान वर केली की मिरची द्यायची नाही, असं कुणी सांगितलं?"

माझीच यानलिंग उभी राहिली. "काका, चूल बाहेर आहे असं उताऱ्यात लिहिलेलं नाही."

"मग कंजूष तरी कुठं लिहिलंय?"

यानलिंगनं कागदाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि खाली बसली. बाईंचा चेहरा मात्र असा खुलला होता की जणू काकांनी पहिला नंबर काढलाय.

"अगदी बरोबर विचारलंत," त्या म्हणाल्या. "सांगा रे. मांस पातळ आहे, एवढंच आपल्याला माहीत आहे. त्याचे अर्थ किती?"

हात वर व्हायला लागले. मांस महाग झालंय. माणूस गरीब आहे. सुरीला धार आहे. माणसाचा हात बसलेला आहे. एक पोरगा म्हणाला, त्याला वर्तमानपत्र आवडतं. बाईंनी सगळं फळ्यावर लिहिलं, ते शेवटचंसुद्धा. मग मागे सरून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे प्रश्नच मी वाईट काढला. आपल्याला उत्तर ठाऊक आहे असं आधीच धरून चालले आणि तुम्हालाही तिकडेच ढकललं." आणि त्यांनी फळ्यावरच्या चारी पर्यायांवर काट मारली.

काका समाधानानं खाली बसले. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं मागे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "पण काका, तुम्ही कंजूष आहात की नाही?"

काकांनी छताकडे बघितलं. "ते उताऱ्यात नाही," ते म्हणाले.

वर्ग असा उसळला की गोंग काकांना वाटलं तास संपला आणि त्यांनी घंटा वाजवून टाकली.

दोन दिवसांनी पहाटे बाई स्वतः काकांच्या दुकानात जाऊन बसल्या. मी दुकान उघडायला निघालो होतो तेव्हा बघितलं, बाईंच्या हातात सुरी आणि काका शेजारी उभे राहून ओरडतायत, "अहो बाई, हे मांस आहे, जोड्याचा तळवा नाही! मनगट सैल सोडा." काकांचे वडील म्हणे तसंच पातळ कापायचे आणि जाड कापलं की काकांच्या बोटांवर चमचा मारायचे. "जाड काय, खाटीकही कापतो," काका म्हणाले. बाई ऐकत होत्या, मध्येच विचारत होत्या, आणि शेवया खाऊन बाई उठल्या तेव्हा काकांनी त्यांच्याकडून वाटीचे पूर्ण पैसे घेतले. मिरचीसुद्धा मागितल्यावरच दिली.

त्या सोमवारी नवा उतारा आला, सुरीचा आणि वडिलांच्या चमच्याचा. त्याखाली ए-बी-सी-डी नव्हतं. फक्त एक प्रश्न होता, तुम्हाला काय वाटतं आणि कोणत्या ओळीवरून? तिथून पुढं सगळ्याच उताऱ्यांचं तसं झालं. पोरं उत्तर द्यायची आणि ओळीखाली रेघ मारून दाखवायची. घरीसुद्धा तीच खोड लागली. मी यानलिंगला म्हटलं, "तुझं अभ्यासात लक्ष नाही," की ती म्हणायची, "बाबा, कोणत्या ओळीवरून?" काकांनी आपला उतारा चुलीच्या मागच्या भिंतीला चिकटवला. वाफेनं शाई ओघळून महिन्याभरात त्याचा नुसता काळा डाग उरला, तरी गिऱ्हाइकांना ते बोट ठेवून दाखवायचे, "इथं माझे वडील आहेत."

जूनमध्ये परीक्षा झाली. उतारा आला दीपस्तंभ सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याचा. समुद्र आमच्यापासून केवढा लांब! दीपस्तंभ हा शब्दच पोरांना येत नव्हता. यानलिंग घरी आली तर चेहरा शांत. मी घाबरत विचारलं, "जमलं का?"

"तो शब्द नाही आला, बाबा. पण तो माणूस उंच घरात एकटा राहतो, रोज दिवा लावतो, वादळ आलं की जिना चढतो, आणि जहाजं त्याला ओळखतात पण तो त्यांना ओळखत नाही. मग ते घर कशाचं असेल ते काढलं मी."

"आणि तो माणूस कसा होता?"

"एकटा, पण दुःखी नाही. सातव्या ओळीत तो बोटींना आपल्या मनानं नावं देतो."

निकाल लागला. व्याकरणाच्या गाळलेल्या जागांत आमच्या पोरांनी नेहमीसारखीच माती खाल्ली, पण उताऱ्यांत असे गुण मिळवले की जिल्ह्याहून दोन माणसं चौकशीला आली. हेडसरांनी त्यांना चहा दिला आणि "आमचा हा प्रयोग" या विषयावर तासभर बोलले. बाई कोपऱ्यात बसून बोटांची शाई खरवडत होत्या. मग हेडसर त्या दोघांना पोहोचवायला बाहेर आले आणि हंसानं आपलं काम केलं, हे वेगळं सांगायला नको.

यानलिंग शिक्षक व्हायला शहरात गेली. आता ती तिथंच इंग्रजी शिकवते. बाई दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. खुआंग डॉक्टरांना नदीच्या वरच्या अंगाला, बाईंच्या माहेरच्या गावी, गुरं तपासायचं काम मिळालं आणि दोघं तिकडे राहायला गेली. गावाला चुकल्याचुकल्यासारखं झालं. सोमवार नुसताच सोमवार झाला. खाटकाची बायको अजून म्हणते, "आमच्या ह्यांनी आता कुठं काहीतरी करायला सुरुवात केली होती."

या वसंतात मी आणि त्सेंग काका होडीनं बाईंना भेटायला गेलो. काका आता दुकानात बसत नाहीत, सून बसते, आणि ती मांस जाड कापते म्हणून होडीत ते सबंध रस्ता कुरकुरत होते. बाई धक्क्यावरच उभ्या होत्या. केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ. घरामागं त्यांनी दुधीचा मांडव घातलाय. त्याखाली होडीवाल्यांची पाच-सहा पोरं मोठ्यानं शब्द पाठ करत बसली होती आणि प्रत्येकाचा 'र' जिभेवर छान घोळत होता.

धुरावलेलं डुकराचं मांस आणि हिरव्या मिरच्या परतून त्यांनी आम्हाला जेवायला वाढलं. काकांनी एक तुकडा काड्यांनी उचलून उजेडाकडे धरला, पलीकडचं काही दिसतं का ते बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं मनगट अजून सैल झालेलं नाही."

"खायचं तर खा, नाहीतर ठेवा," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या वाटीत आणखी दोन जाड तुकडे टाकले.

काकांनी ते सगळे खाल्ले. मग डॉक्टरांनी तांदळाची दारू काढली, पोरांना सुट्टी मिळाली, आणि शेवटची होडी भोंगा वाजवायला लागेपर्यंत आम्ही त्या मांडवाखाली बसून बोललो. बहुतेक मीच बोललो.